कांद्याच्या माळेपासून

गेल्या मे महिन्यात माझी दोन भाचरं पुण्याहून चौलला आली ती एक मागणी घेऊनच. थोरल्याला अकरावं लागलेलं, धाकटी आठ वर्षांची. पॅरिसच्या हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या उंदराचा तो 2007 सालचा सिनेमा, ‘रॅटटूई’, दोघांनी सुट्टी लागल्यापासून तीनदा पाहिला होता. एसटीतून उतरल्या उतरल्या धाकटी म्हणाली, “मावशी, या सुट्टीत आपण फ्रेंच जेवण करायचं. खरंखुरं.” मागोमाग बहिणीने फोनवर यादी पाठवली. ऑलिव्ह तेल, परदेशी चीज, झुकिनी, थाइम, आणखी काय काय. मुंबईहून बोटीने कुणी मांडव्याला येणार असेल त्याच्याकडून मागव, असंही तिने लिहिलं होतं.

ती यादी मी वाचली, बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना घेऊन कार्लेखिंडीकडे कांदे आणायला गेले.

मुलांना फ्रेंच रांधप दाखवायचं तर सुरुवात कुठून करायची, याचं उत्तर मला बाजारात मिळतं असं नाही, पण रस्त्याकडेला मात्र नक्की मिळतं. पेण-अलिबाग रस्त्यावर उन्हाळ्यात आडव्या बांबूवर पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात. कार्ले, खंडाळे, नेहुली, तळवली या गावांच्या शिवारात भात निघालं की हा कांदा लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तयार होतो. पाणी जास्त, झणका कमी, चव गोडसर. 2021 साली या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 1883 सालच्या सरकारी गॅझेटिअरमधली त्याची नोंद त्या वेळी पुरावा म्हणून पुढे आली. माळेशिवाय तो ओळखूच येत नाही. पातीला पात गुंफत बायका माळ विणतात. आम्ही गेलो तेव्हा एक बाई सावलीत बसून तेच करत होती. भाचीने विचारलं, “ही वेणी कशाला घालता?” बाई म्हणाली, “हवा लागते गो त्याला. पोत्यात कोंबला का सडतो.”

घरी येऊन मी मुलांना नकाशा उघडून दाखवला. फ्रान्सच्या वायव्येला समुद्रात घुसलेलं एक टोक आहे, ब्रिटनी. तिथे रोस्कॉफ नावाचं बंदर आहे आणि तिथला गुलाबी कांदा असाच वेणी घालून विकला जातो. 1828 साली आंरी ऑलिव्हिए नावाचा एक शेतकरी गलबतात कांदे भरून खाडीपलीकडे इंग्लंडला गेला आणि सगळे विकून परतला. मग गावचे लोक दर साली जाऊ लागले. पुढे सायकलच्या दांड्यावर कांद्याच्या माळा लटकवून ते इंग्लंडच्या गल्ल्यागल्ल्यांतून हिंडत. तिकडच्या लोकांनी त्यांना ‘ओनियन जॉनी’ असं नावच पाडलं. त्या कांद्यालाही 2009 साली मानांकन मिळालं. मानांकनाची ही रीतच मुळात फ्रान्सने घालून दिलेली. रोकफोर चीजसाठी 1925 साली त्यांनी कायदा केला आणि 1935 साली त्याची राष्ट्रीय व्यवस्था उभी केली.

थोरला बराच वेळ नकाशा बघत होता. मग म्हणाला, “म्हणजे ते पण आपल्यासारखे किनाऱ्यावरचे.”

हेच मला त्यांना सांगायचं होतं आणि ते त्याने स्वतःहून म्हटलं. फ्रेंच जेवण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस येतं, पांढरे टेबलक्लॉथ आणि न उच्चारता येणारी नावं येतात. ब्रिटनी वेगळी आहे. मासेमारी, मिठागरं, शिंपल्या, कांदा आणि गरिबाघरच्या पिठाची पातळ धिरडी. गेराँदची मिठागरं आणि आपली पेण-उरणकडची मिठागरं यांची चित्रं शेजारी ठेवली तर दोन्हीकडे तेच दिसेल: मातीचे बांध, त्यात अडवलेलं समुद्राचं पाणी, ऊन, आणि फावड्याने ओढलेले पांढरे ढीग. रायगडच्या मुलांना फ्रान्सची ओळख करून द्यायची असेल तर ती या दारातून करून द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

*

पहिल्या दिवशी कांद्याचं सूप.

पॅरिसच्या ले आल या घाऊक बाजारात हमाल आणि व्यापारी पहाटे जे सूप पीत, तेच हे. तो बाजार 1969 साली शहराबाहेर राँजिसला हलला, सूप मात्र जगभर गेलं. लागतं काय? कांदा, लोणी, चमचाभर पीठ, पाणी किंवा अळणी रस्सा, शिळा पाव, वर चीज. चार माणसांना किलोभर कांदा. यातलं आपल्या घरात नसतं असं काहीच नाही. नसतो तो फक्त वेळ.

मुलांच्या हातात सुरी द्यायची की नाही यावर आजीचं आणि माझं थोडं वाजलं. आजी म्हणजे माझी आई. तिचं म्हणणं, विळीवर बसवू नकोस आणि सुरी तर मुळीच देऊ नकोस. फ्रान्समध्ये ओपिनेल ही सुऱ्या करणारी जुनी कंपनी मुलांसाठी खास सुरी करते. तिला बोट अडकवायला कडी असते आणि दुसऱ्या हाताच्या बोटांना आड म्हणून एक छोटा गार्ड मिळतो. माझ्याकडे ती नव्हती. मी धाकटीला बोटं आत वळवायला शिकवलं, मांजराच्या पंज्यासारखी, आणि सुरीचं पातं बोटांच्या पेरांना टेकून खाली-वर करायला सांगितलं. कांदा आधी मी उभा अर्धा केला, म्हणजे सपाट बाजू पाटावर पक्की बसते. अर्ध्या तासात तिने दोन कांदे चिरले. वेडेवाकडे, पण स्वतः. आजी तोवर दारात उभी होती. शेवटी तीच म्हणाली, “अगं, पाट हलतोय तिचा. खाली ओलं फडकं घाल.” हॉटेलांतले आचारी फळीखाली ओलं फडकं घालतात ते याचसाठी.

मग मी घाई केली. पाव आणायला जायचं होतं, बेकरीत गरम पाव दुपारनंतर संपतात, म्हणून मी आच वाढवली. दहा मिनिटांत कांदा कडेने काळा आणि मधे कच्चा झाला. सूपला कडवट झाक आली. मुलांनी चाखलं आणि दोघांनी तोंड वाकडं केलं. मी ते फेकून दिलं आणि सांगितलं की चूक माझी आहे, कांद्याची नाही. संध्याकाळी पुन्हा सुरुवात केली.

या वेळी जाड बुडाचं पातेलं, मंद आच, आणि दोघांना आळीपाळीने उलथनं धरायला बसवलं. आपला पांढरा कांदा पाणीदार, म्हणून पहिली वीस मिनिटं तो नुसता शिजत, घाम सोडत राहतो. पातेल्यातून येणारा आवाज पावसासारखा असतो. मग पाणी आटतं आणि आवाज बदलतो, चुरचुर सुरू होते. तिथून पुढे रंग चढू लागतो: दुधी, मग पिवळसर, मग गवती चहासारखा, मग गुळासारखा. साखर तापून तांबूस होते हा एक भाग. दुसरा भाग लुई-कामीय माय्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 साली मांडला: साखर आणि प्रथिनांचे घटक तापून एकत्र येतात आणि त्यातून तो खमंग वास आणि तपकिरी रंग निघतो. भाकरीच्या पापुद्र्यावरचे ते डाग, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा वास, तव्यावरच्या बोंबलाची कुरकुरीत कड, हे सगळं त्याच क्रियेचं देणं. सव्वा तासाने किलोभर कांद्याच्या दोन वाट्या झाल्या. थोरला म्हणाला, “एवढासाच?” धाकटीने बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, “यात साखर कोणी घातली?”

कोणीच घातली नव्हती. तो कार्लेखिंडीचा कांदा होता.

*

मुलांना चाखायला शिकवायचं म्हणजे काय, याचा विचार फ्रान्समध्ये फार गंभीरपणे झाला आहे. तूर गावचे झाक प्युझे हे मूळचे वाइनचे जाणकार आणि प्रयोगशाळेतले माणूस. 1970च्या दशकात त्यांनी शाळांमध्ये ‘चवीचे वर्ग’ सुरू केले. आठ-दहा वर्षांच्या मुलांनी समोर पदार्थ ठेवून आधी पाहायचं, मग हुंगायचं, हाताने चाचपायचं, दाताखाली येणारा आवाज ऐकायचा, मग चव. आणि सर्वात महत्त्वाचं, ‘आवडलं’, ‘नाही आवडलं’ यापलीकडे जाऊन ते कसं आहे हे शब्दांत सांगायचं. 1990च्या ऑक्टोबरात पॅरिसला पहिला चवीचा दिवस झाला, शेफ मंडळी शाळांमध्ये जाऊन मुलांना शिकवू लागली, पुढे त्याचाच चवीचा आठवडा झाला. 2010 साली युनेस्कोने फ्रेंचांची एकत्र बसून जेवण्याची रीतच मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवली.

मी हे वाचलं होतं, पण आमच्या ओटीवर ते करून पाहिलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि तिचा मला फार आनंद झाला. चवीसाठी मराठीत शब्दांचं घबाड आहे. मुलांच्या तोंडी मात्र ‘यम्मी’ आणि ‘यक्’ हे दोनच होते. मी चार वाट्या मांडल्या: कोकमाचं आगळ, वालाचं बिरडं, कच्च्या कैरीची फोड, आणि नुसतं ताक. आजी शेजारी बसली होती. धाकटीने ताक चाखून म्हटलं, “काहीच नाही.” आजी म्हणाली, “काहीच नाही नव्हे. सपक. मीठ घातलं नाही तर आळणी. शिळं झालं तर आंबूस. पाणी जास्त झालं तर पाणचट.” मग तिचं सुरूच झालं. विहिरीचं पाणी मचूळ. कच्चं केळं तुरट. भाजलेलं बेसन खमंग, जास्त भाजलं तर करपट, योग्य भाजलं तर खरपूस. तूप रवाळ. भेंडी बुळबुळीत. शिळी पोळी चिवट. आगळ आंबट-तुरट, आणि घसा धरतो ते उग्र.

मुलांनी ते शब्द वहीत लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी न्याहारीला थोरला म्हणाला, “मावशी, आजचा चहा पाणचट झालाय.” मी ते मनापासून स्वीकारलं. मूल जे शब्द वापरू शकतं तेच त्याला ताटात सापडतं. फ्रेंच वर्गात चार चवी शिकवत, आपल्या वैद्यकात षड्रस, पण खरी श्रीमंती असते ती चवीच्या आजूबाजूच्या या मधल्या शब्दांत. मराठी शाळेच्या पाठ्यपुस्तकात हे शब्द एक दिवस थाळीसकट यावेत, असं मला फार वाटतं.

*

दुसऱ्या आठवड्यात क्रेप. आणि क्रेपच्या दिवशी आजीने स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

साध्या क्रेपचं प्रमाण फ्रेंच घरात तोंडपाठ असतं: पाव किलो मैदा, अर्धा लिटर दूध, तीन-चार अंडी, चिमूट मीठ, थोडं पातळ केलेलं लोणी, आणि तासभर झाकून ठेवायचं. 2 फेब्रुवारीला, शांदलर नावाच्या सणाला, घरोघरी क्रेप होतात. एका हातात नाणं धरायचं आणि दुसऱ्या हाताने तव्यातला क्रेप हवेत उडवून झेलायचा. झेलला तर वर्षभर घरात पैसा टिकतो, असं म्हणतात. ज्या घरात अंडं चालत नाही त्यांनी निराश होऊ नये. ब्रिटनीची जुनी ‘गालेत’ फक्त कुट्टूचं पीठ, पाणी आणि मीठ यांची असते.

आजीने वाटीतलं पीठ चमच्याने वर उचलून धार पाहिली. “हे घट्ट आहे,” ती म्हणाली. “घावनाचं पीठ ताकासारखं हवं.” मी सांगितलं की हे घावन नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बिडाचा तवा चुलीवर चढवला. तिचा तवा माझ्या लग्नाआधीपासूनचा आहे. कांदा अर्धा कापला, काट्याने टोचला, तेलात बुडवून तव्यावर गोल फिरवला. फ्रान्समध्ये हेच काम लोण्यात बुडवलेल्या अर्ध्या बटाट्याने करतात. ब्रिटनीतल्या तव्याला ‘बिलिग’ म्हणतात आणि पीठ पसरायच्या लाकडी दांड्याला ‘रोझेल’. आजी पसरत नाही. ती पीठ कडेने ओतत मध्यापर्यंत येते, घावनासारखं, आणि जाळी पडली की झाकण ठेवते.

पहिला क्रेप तव्याला चिकटला. आजीने तो खरवडून काढला आणि मुलांना म्हणाली, “पहिलं तव्याचं. ते नेहमीच तव्याला द्यायचं.” दुसरा सुटून आला. तिसरा धाकटीने उलटला. तिच्या डाव्या मुठीत दहा रुपयांचं नाणं होतं. क्रेप अर्धा तव्यात, अर्धा कट्ट्यावर पडला, आणि तिने नाणं मात्र सोडलं नाही.

गोड भरायला आम्ही ओलं खोबरं आणि गूळ घेतला. फ्रेंच माणूस साखर-लिंबू किंवा खारवलेल्या लोण्याचं कॅरामेल भरेल. ब्रिटनीचं लोणी खारं असतं, मिठागरांच्या मुलखात ते स्वाभाविकच आहे. मी मुलांना सांगितलं, तव्यावरचं काम त्यांचं, आतलं सारण आपलं.

त्याच दुपारी बेशामेल केलं. लोण्यात समभाग मैदा परतायचा, त्याला फ्रेंचमध्ये ‘रू’ म्हणतात, आणि मग दूध थोडं थोडं ओतत एका हाताने घोटत राहायचं. फ्रेंच स्वयंपाकातल्या मुख्य सॉसपैकी हा एक. थोरला घोटत होता आणि गाठी होत होत्या. आजीने वर्षानुवर्षं कुळथाचं पिठलं केलेलं. ती मागून म्हणाली, “दूध एकदम ओतू नको. आणि हात थांबवू नको. पिठल्यात गाठ झाली तर ती जेवेपर्यंत राहते.” गाठी मोडल्या. मग तिने चमचाभर चाखून सांगितलं, “हे तर बिनफोडणीचं पिठलं.” ते ऐकल्यावर थोरल्याच्या मनातून बेशामेलची भीती गेली. संध्याकाळी त्याने स्वतःहून विचारलं, की पिठल्याचं पीठ आधी भाजतात का.

*

चौल-रेवदंड्याच्या माणसाला फ्रेंचांशी आपलं जुनं नातं आठवतं ते फार थोडं. 1777च्या मार्चमध्ये शेवालिए द सँ-ल्यूबँ नावाचा एक फ्रेंच माणूस याच चौलच्या बंदरात उतरला आणि पुण्यात नाना फडणविसांच्या भेटीला गेला. इंग्रजांना त्याने चांगलंच अस्वस्थ केलं. फ्रेंच आरमाराला मराठ्यांच्या किनाऱ्यावर ठाणं मिळेल, अशी बोलणी चालली होती. पुढच्या वर्षी तो परतला आणि ते ठाणं कधी झालंच नाही. आलेल्या गोऱ्यांत मागे चव ठेवून गेले ते पोर्तुगीज. खाडीच्या पलीकडे कोर्लईत अजून पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली बोलली जाते. आणि आपण रोज खातो तो पाव, तो शब्द आणि तो पदार्थ, दोन्ही त्यांच्याकडूनच आले.

त्याच खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आम्ही शिजवल्या. रेवदंड्याच्या बंदरावर सकाळी कोळणीकडून टोपलीभर घेतल्या. ओल्या, चिखल लागलेल्या, हातात घेतल्या की तोंड मिटून घेणाऱ्या. ब्रिटनी आणि नॉर्मंडीच्या काठाला शिंपल्या लाकडी खांबांवर वाढवतात, आणि माँ-सँ-मिशेलच्या उपसागरातल्या शिंपल्यांना 2006 साली मानांकन मिळालं. त्यांची ‘मारिनिएर्’ रीत साधी: लोणी, कांदा, मिरी, कोथिंबिरीच्या कुळातली हिरवी पानं, पांढरी वाइन, आणि झाकण. वाइन आम्ही वगळली. फ्रान्सनेही 1956 साली चौदा वर्षांखालील मुलांच्या शाळेच्या जेवणातून वाइन बंद केली. वाइनच्या जागी मी आगळाचे चार थेंब टाकले.

कोळणीने काय करणार म्हणून विचारलं. मी सांगितल्यावर तिने टोपली सावरली. “नारळ नाय? वाटण नाय?” ती म्हणाली. “मग चव कशाची लागेल?” मग माझ्या भाचीकडे वळून म्हणाली, “बाय, मिठाच्या पाण्यात ठेव तासभर, वाळू सोडतील. आणि शिजल्यावर जी उघडली नाय ती टाकून दे. ती मेलेली असते आधीच.” फ्रेंच पुस्तकातही हाच नियम लिहिलेला असतो, जवळजवळ याच शब्दांत.

झाकण ठेवल्यावर मी दोघांना पातेल्याजवळ कान न्यायला लावला, पण हात मागे बांधून. आधी नुसती वाफ. मग एक टक्. मग दोन. मग टक्, टक्टक्, टकटकटक. शिंपल्या आतून उघडत होत्या आणि झाकणाला लागत होत्या. धाकटी मोजत होती. पंचेचाळीसपर्यंत आली आणि हरवली. झाकण काढल्यावर सगळ्या उघड्या होत्या, फक्त तीन बंद. तिने त्या तीन चिमट्याने एकेक करून बाहेर काढून केळीच्या पानावर ठेवल्या. रस्सा खारट-गोडसर झाला होता. मीठ मी घातलंच नव्हतं. पावाचा तुकडा बुडवून खाताना थोरला म्हणाला, “हे समुद्राचं पाणी आहे ना?” हो, बहुतेक तेच होतं.

*

फ्रेंच मुलांचा पहिला केक दह्याचा असतो. ‘गातो ओ याउर्त’ हे नाव अवघड, पण कृतीत वजनकाटाच नाही. दह्याचा सव्वाशे ग्रॅमचा डबा रिकामा करायचा आणि मग तोच डबा माप म्हणून वापरायचा: एक दही, दोन साखर, तीन मैदा, अर्धा तेल, तीन अंडी, बेकिंग पावडर. तिथली शिशुवर्गातली मुलंसुद्धा हा केक करतात. मोजून ओतायचं आणि ढवळायचं, एवढंच असतं.

हे वाचल्यावर मला कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ची आठवण झाली. 1970 साली आलेल्या त्या पुस्तकात प्रमाण वाटीने आणि चमच्याने दिलं आहे, आणि म्हणूनच ते लाखो घरांत चाललं. लग्नात मुलीच्या हातात ते पडायचं. वाटीच्या मापाचा मोठा गुण असा की वाटी बदलली तरी प्रमाण बदलत नाही. घरातली कोणतीही एक वाटी घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. मुलांना गणितातलं गुणोत्तर यापेक्षा सोपं करून कोणी शिकवत असेल असं वाटत नाही. आमच्या घरात ओव्हन नाही. कुकरची शिटी आणि रबर काढून, तळाशी जाड मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून आम्ही तो भाजला. पाऊण तास लागला. घरचं दही आंबट होतं, म्हणून चिमूटभर सोडा वाढवला. केक मधे थोडा बसला, कडेला छान फुलला, आणि संपला.

जूनमध्ये भाचरं परत गेली. जाताना थोरल्याने वही मागून घेतली, ती चवींच्या शब्दांची. डिसेंबरात या, असं मी सांगितलं आहे, कारण रायगडचं एक शिक्षण त्यांना अजून द्यायचं आहे: पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याची पानं, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, हवी तर अंडी किंवा कोंबडी, तोंडाला पुन्हा पाला, आणि मडकं उलटं ठेवून भोवती पेंढ्याचा जाळ. थेंबभर पाणी किंवा तेल नाही. झालं की नाही हे मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाजावरून ओळखायचं. फ्रेंच आचारी कागदाच्या पुडीत मासा गुंडाळून त्याच्याच वाफेवर शिजवतात आणि त्याला ‘पापियोत’ म्हणतात. आमच्याकडे ती पुडी मातीची आणि पाला रानातला. इथल्या शेतांत मुलंच पाला गोळा करतात, मुलंच जाळ लावायला मोठ्यांच्या मागे लागतात. गावच्या कितीतरी मुलग्यांनी आयुष्यातला पहिला पदार्थ शिजवला तो थंडीत शेतात, पोपटीच्या मडक्यात.

*

आता दिवाळी. भाचरं चार दिवसांसाठी आली आहेत आणि आज चिरोटे आहेत.

थोरला तालुक्यातल्या बेकरीची खारी हातात घेऊन उलगडत बसला होता, एकेक पदर सोडवत. ती खारी फ्रेंच पफ पेस्ट्रीचीच नातेवाईक, फक्त लोण्याऐवजी बहुधा वनस्पती तूप. फ्रेंच पद्धतीत कणकेत लोण्याची लादी गुंडाळतात, लाटतात, तीन घड्या घालतात, थंड करतात, आणि हे सहा वेळा. मी त्याला कागदावर मांडायला लावलं. तीन, नऊ, सत्तावीस, एक्क्याऐंशी, दोनशे त्रेचाळीस, सातशे एकोणतीस. शेवटच्या आकड्याला तो थांबला आणि पुन्हा मोजला. लोण्याचे 729 थर, एका बोटाएवढ्या जाडीत.

आपल्या किनाऱ्यावर हे उन्हात जमणं कठीण. लोणी पातळ होतं आणि पदर एकमेकांत मिसळतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात आजीच्या आज्यांनी यावर उत्तर काढलं होतं, त्याचं नाव साटा. तूप आणि तांदळाची पिठी एकत्र फेटायची. पिठी तुपाला धरून ठेवते, ते वाहत नाही. तीन पोळ्या लाटायच्या, प्रत्येकीवर साटा, एकावर एक, मग घट्ट वळकटी, मग काप, आणि अलगद दाबून मंद तुपात तळणं. तळताना पदर सुटू लागतात तो क्षण भाच्यांना पाहायचा होता, पण आजीने आधी त्यांना परातीजवळ बसवलं. धाकटी साटा फेटत होती. दहा मिनिटं झाली, हात दुखले, हात बदलला. तूप पिवळं होतं ते पांढरं पडलं, मलईसारखं हलकं दिसू लागलं.

“झालं का, आजी?”

“मला काय विचारतेस? पाण्याला विचार.”

आजीने वाटीत पाणी आणलं. धाकटीने चमच्याच्या टोकावर साट्याचा एक थेंब घेतला आणि पाण्यात सोडला. तो खाली गेला, तळाला टेकला. तिने काही न बोलता पुन्हा परात जवळ ओढली. थोरल्याने खारी खाली ठेवली आणि परातीची कड धरली, हलू नये म्हणून. पाच मिनिटं, सात. दुसरा थेंब. खाली गेला, थबकला, आणि हळूच वर आला.